जिंकण्याची धास्ती

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात आमच्या कॉलेजच्या फुटबॉलच्या सरांइतका भित्रा माणूस झाला नाही आणि पुढे होण्याची शक्यताही दिसत नाही. माणसं हरायला घाबरतात. आमचे सर जिंकायला घाबरायचे. हरलं की पोरं संध्याकाळी आपापल्या घरी. जिंकलं की पुढचा सामना, म्हणजे पुढचं गाव, म्हणजे पुन्हा ती काळीपिवळी जीप आणि तो हायवे. विद्यापीठाच्या स्पर्धेतला पहिला सामना आम्ही जिंकलो तेव्हा आम्ही एकमेकांच्या खांद्यावर चढून नाचत होतो, आणि सर मैदानाच्या कडेला कपाळाला हात लावून बसले होते.

जीपमध्ये ते ड्रायव्हरशेजारी बसत आणि त्याला डुलकी लागू नये म्हणून अखंड बोलत. शेलूबाजार येईपर्यंत सरांच्या मेव्हण्याच्या मूळव्याधीसकट सगळं घराणं त्या बिचाऱ्याला पाठ झालेलं असे. एकानं तर गाडी बाजूला लावून हात जोडले, की गुरुजी, तुमच्या बोलण्यानंच मले झोप येऊन राह्यली. मैदानावर पोचलं की सर आधी अनवाणी हिंडून काचा नि खिळे वेचत. अनवाणी अशासाठी, की काटा असलाच तर तो पहिल्यांदा त्यांनाच टोचावा. मग समोरच्या संघातल्या धिप्पाड पोरांना गाठून 'बाबू, जरा सांभाळून खेळजो' अशी विनवणी करत. आमची जी काही दहशत असायची ती तिथंच संपायची.

पण सरांचा खरा नमुना पाहायचा तो आदल्या दिवशी. प्रत्येकाच्या घरी जाऊन आईची परवानगी घेतल्याशिवाय ते कोणाला जीपमध्ये चढू देत नसत. खाटेवर बसून, चहा घेऊन, ते त्या माउलीला अगदी प्रामाणिकपणे सांगत, की जीप उलटू शकते, चेंडू छातीत बसू शकतो, तिकडचं पाणी बाधू शकतं. आणि मग विचारत, पाठवता का? अर्थातच आई नाही म्हणायची, सरांचा चेहरा खुलायचा, आणि आम्ही रुसून, उपाशी राहून तो नकार फिरवायचा. माझी आई एकदा वैतागली. म्हणाली, "मास्तर, तुमी पोराले न्याले आले का मले भेव दाखवाले?" साबीरच्या अम्मीनं मात्र कधीच नाही म्हटलं नाही. साबीर आमचा फॉरवर्ड, तिचा एकुलता एक. "आपके हवाले है, सर," एवढंच म्हणून ती आत जायची. त्या दिवशी सरांना घास गिळवत नसे.

अशा माणसाला घेऊन आम्ही अमरावतीला फायनलपर्यंत पोचलो, आणि तिथं तर सरांनी कहरच केला. कोणी जरा लंगडला की बदल, कोणी खोकला की बदल. मध्यंतरापर्यंत बदलीचे सगळे खेळाडू संपले. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, खोटं कशाला बोलू. एक-एक अशी बरोबरी होती आणि शेवट जवळ आला होता. साबीर हेडरसाठी उडाला, समोरच्याचं डोकं त्याच्या कानशिलावर आदळलं, आणि तो पडला तो हलेचना. पाणी मारल्यावर तो उठून बसला, हसला, ठीक हाये म्हणाला आणि स्कोअर विचारला. आम्ही सांगितला. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तोच विचारला. सर खाली बसले आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

मी कॅप्टन होतो. मी गयावया केली, की बदली उरला नाही, दहा जणांत कसं निभवायचं, थोडाच तर वेळ राहिलाय. सरांचा आवाज नेहमी थरथरायचा. तेव्हा थरथरला नाही.

"कप गेला त अजून भेटन," ते म्हणाले. "पोट्टं भेटन का?"

आणि साबीरला खांद्याशी धरून ते ऑटोत बसून निघून गेले.

आम्ही जिंकलो. कॉर्नरवरून आलेला चेंडू आमच्या एका डिफेंडरच्या गुडघ्याला लागून आत गेला. कसा गेला हे त्यालाही आजवर सांगता आलेलं नाही. कप घेऊन आम्ही ऑटोनं दवाखान्याकडे निघालो. अम्मीला काय सांगायचं, हेच प्रत्येकाच्या डोक्यात. कप माझ्या मांडीवर होता आणि मी ऑटोवाल्याला सारखं 'जरा सांभाळून' म्हणत होतो. हा माणूस दर खेपेला हेच भेव छातीत घेऊन जीपमध्ये बसत होता, हे मला तेव्हा कळलं.

साबीर शुद्धीवर होता. वेळेवर आणलं ते बरं झालं, डॉक्टर म्हणाले, आजची रात्र नजरेखाली ठेवू. सर स्टुलावर बसून त्याचं मनगट धरून होते. मी कप पुढे केला आणि जिंकलो म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"मंग आता अजून कुठं जा लागते का?"

नाही सर, म्हटलं, हीच शेवटची मॅच होती. संपलं सगळं. तेव्हा कुठं त्यांनी साबीरचं मनगट सोडलं आणि तोंडावर रुमाल धरून ढसाढसा रडले.

सर आता निवृत्त झाले, आम्हीही पांगलो. मी पुण्यात नोकरीला आहे. इथं रोज कोणी ना कोणी विचारतं, किती झालं, कुठवर आलं, जिंकलो का. तू नीट घरी पोचलास का, हे आईशिवाय विचारणारे एकटे सरच होते, आणि कधीकधी संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना मला त्यांची फार आठवण येते.