कानाजवळचा आवाज

आठवीतली माझी मुलगी समोर बसून भाकरी खात होती आणि घासागणिक तिच्या कानाजवळ कट्ट वाजत होतं. खालचा जबडा पुढे आणायला दातांच्या डॉक्टरांनी प्लेट बसवली, तेव्हापासूनचं हे.

मी दारं विकतो. गिऱ्हाइकाला रंग दाखवण्याआधी दाराची उघडझाप करून बिजागरी ऐकवतो. परवा तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी मात्र तिच्यापुढे आरसा धरला. “बघा, हसू किती छान आलंय!”

“हसू राहू द्या. जबड्याच्या सांध्याला हात लावून बघा!” मी ओरडलो.

“या वयात वाजतो हो,” डॉक्टर म्हणाले. बोटसुद्धा लावलं नाही.

दिसतं तेवढंच सजवायचं, सोसणाऱ्या भागाकडे बघायचंही नाही, याची मला शिसारी येते.

“दुखतंय का गं?” तिच्या हातातल्या भाकरीकडे बघत मी आता विचारलं.

“थोडं. पण बाबा, मैत्रिणींना ऐकू येतं. मी डबा एकटीच खाते.”