चेहरा आमचा, व्हिडिओ तिचा

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, लोणावळ्याच्या एका पॉइंटवर कणसं भाजून विकतात. आमच्या टाकवे गावाहून सकाळी पोतं घेऊन निघायचं, मिळेल त्या गाडीनं वर जायचं, दिवसभर शेगडीपुढं बसायचं. गेल्या पावसाळ्यात कुणा पर्यटक बाईनं त्यांचा व्हिडिओ काढला. विचारलं वगैरे काही नाही.

व्हिडिओत आबांच्या हातून एक कणीस चिखलात पडतं. ते उचलून बादलीत बुचकळतात आणि व्हिडिओ तिथंच संपतो. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘हे घाणेरडं कणीस तुम्हाला खायला घालतात. या म्हाताऱ्यापासून सावध!’ पुढं ते कणीस त्यांनी मागं उभ्या असलेल्या गाईपुढं टाकलं होतं. शेजारच्या चहावाल्या मावशींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मावशींना कोण विचारतंय? लाखो लोकांनी पाहिला तो अर्धा व्हिडिओ.

गिऱ्हाइकं शेगडीपर्यंत यायची, मोबाइलमध्ये बघायची, मग आबांच्या तोंडाकडं बघायची आणि पुढच्या गाड्याकडं वळायची. एकानं तर त्यांच्यासमोरच हसत फोटो काढला.

“म्या काय कुनाचं वाईट केलंय का?” आबा मला म्हणाले. “आन् माजं त्वांड तिनं कुनाला इचारून दावलं?”

मी बाईला मेसेज केले. तिनं मला ब्लॉक केलं. मग पोलीस चौकीत गेले. हवालदार ऐकून घेऊन म्हणाले, “ताई, बदनामी अदखलपात्र आहे. आम्हाला थेट गुन्हा नाही घेता येत. कोर्टात जा.” त्यांनी सांगितलं ते कायद्याला धरूनच होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र संताप संताप झाला.

घरी येऊन मीच व्हिडिओ केला. आधी तिची क्लिप दाखवली, मग आबांना बोलायला लावलं, मग मावशींना. लोक बघू लागले, दोन-चार जणांनी माफीही मागितली. तिसऱ्या दिवशी अ‍ॅपवरून माझा व्हिडिओ गायब. कारण काय, तर ‘कॉपीराइटचा भंग’. तक्रार त्या बाईनंच केली होती.

आबांना घेऊन वडगावच्या वकीलबाईंकडं गेले. म्हटलं, “मॅडम, व्हिडिओत माझे वडील आहेत आणि चोर मी?”

“ज्यानं चित्रण केलं त्याचा कॉपीराइट,” त्या म्हणाल्या. “चेहरा कुणाचाही असो. पण टीका करायला, उत्तर द्यायला क्लिपचा भाग वापरता येतो. तुम्ही अ‍ॅपकडं हरकत घ्या. फक्त त्या हरकतीत तुमचं नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि तो तिला जातो.”

“आणि बदनामी?”

“ती झालीच आहे. खोट्या मजकुरानं माणसाची पत घालवली की झाली. खटला भरता येईल. पण वर्षं जातात, आणि आबांना दर तारखेला यावं लागेल.”

आबा बाकावर बसून ऐकत होते. म्हणाले, “पोरी, तारखा करू का कनसं भाजू?”

शेवटी खटला नाही, नुसती नोटीस पाठवली. बाईनं व्हिडिओ काढून टाकला. माफीचा एक शब्द नाही, खरं काय ते सांगणं तर लांबच. मी आनंदानं आबांना फोन केला, तर ते म्हणाले, “बरं झालं. पर आजबी एक जन दाखवून गेला.” दाखवला होता तो दुसऱ्याच कुणाच्या पानावरचा. शोधायला बसले तर असे कितीतरी निघाले. कुणी गाणं चढवलेलं, कुणी शिव्या लिहिलेल्या. एकेकाची तक्रार करत बसले. एक काढला की दोन उगवायचे.

माझी हरकत मान्य होऊन माझा व्हिडिओही परत आला. तोवर कुणाला त्याच्याशी देणंघेणं उरलं नव्हतं.

आबा अजून वर जातात, पण पॉइंट सोडून अलीकडच्या वळणावर बसतात. तिथं गाड्या कमी थांबतात.

परवा आंबीला मी काम करते त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये एका सहकाऱ्यानं मोबाइल पुढं केला. “हे बघ, तुमच्या मावळातलं!” म्हणाला आणि हसला.

“ते माझे वडील आहेत,” मी म्हटलं.

तो ओशाळला. सॉरी म्हणाला, मोबाइल खिशात घातला. व्हिडिओ ज्या ग्रुपवर आला होता तिथं तो अजूनही तसाच आहे. मी त्या ग्रुपमध्ये नाही.