कुशीचं घड्याळ

हे आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे उभी राहिले तरी या गोष्टीला वळसा घालून थेट मागण्यांवर येते — देव थोडाच विचारतोय! तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित सांगता येईल. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या. मला तोंडावर बोलायची सवय आहे, पण ती दुसऱ्यांच्या तोंडावर.

मी सोलापुरात नर्सिंगच्या एम.एस्सी.च्या मुलींना शिकवते. फटकळ आहे. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे मॅडम चिडल्या की कानडीत आणि खूश असल्या की मराठीत, असं मुली माझ्यामागे म्हणतात. म्हणू देत.

माझा विषय ऐकायला रुक्ष आहे. दवाखान्यातलं काम सुधारायचं कसं, आणि सुधारलेलं टिकवायचं कसं. अहो, चांगलं काय ते सगळ्यांनाच माहीत असतं की! हात धुवावेत हे कुणाला सांगावं लागतं? तरी धुतले जात नाहीत. का धुतले जात नाहीत — तिथून माझा विषय सुरू होतो. पहिल्या तासाला मी फळ्यावर एक म्हण लिहिते : नाचता येईना, अंगण वाकडं. मुली हसतात. मग सांगते, आपल्या शास्त्रात ही म्हण उलटी वाचायची. बाईला नाचता येत नसेल तर आधी अंगण बघा. खड्डा आहे का, उतार आहे का. सिस्टर चुकली म्हणून बोट दाखवणं सोपं असतं, पण उद्या तिच्या जागी दुसरी आली तरी ती त्याच खड्ड्यात पडणार. इतकं छान बोलते मी, की मागच्या बाकावरची पोरगीसुद्धा मोबाइल खाली ठेवते.

आता घड्याळाचं सांगते.

लकव्याचा पेशंट एकाच कुशीवर पडून राहिला की पाठीला, कमरेला जखमा होतात. त्यात आमचा उन्हाळा, खाली रेक्झिनची गादी — कातडी सोलवटायला वेळ लागत नाही. दर दोन तासांनी कूस बदलली की जखम होत नाही. हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही पाठ असतं, तरी वॉर्डात राहून जातं. म्हणून मी एक युक्ती काढली. प्रत्येक कॉटच्या पायथ्याला पुठ्ठ्याचं घड्याळ. त्यावर डावी कूस, उजवी कूस, पाठ. सिस्टरने पेशंट वळवला की काटा सरकवायचा. येता-जाता कुणालाही दिसावं. साधं, स्वस्त, आणि — खरं सांगू? — माझं! लई कौतुक झालं त्याचं. पुण्याच्या परिषदेत बोलले, शाल-नारळ घेऊन आले. इतर वॉर्डांनी घड्याळं मागून नेली. मी त्या वॉर्डांतून उगाचच चक्कर मारायची. लग्नातल्या वरमाईसारखी.

त्या बॅचला वैशाली होती. केम गावाच्या बाजूची, शेतकऱ्याघरची. माझ्यासमोर पुस्तकी मराठी बोलायची, गडबडली की गावाकडचं निघायचं. प्रबंधासाठी मी तिला विषय दिला : माझं घड्याळ वॉर्डात टिकलंय का ते बघ. टिकलंय हे मला माहीतच होतं. तिने फक्त लिहायचं होतं.

पोरगी वॉर्डात नेमाने जायची. सकाळी जायची आणि कुणी सांगितलेलं नसताना दुपारीही जायची. दक्षिणेकडून आलेल्या नातेवाइकांना मराठी कळायचं नाही, म्हणून माझ्याकडून कानडी वाक्यं शिकून घेतली तिने. मी उच्चार दुरुस्त करायची, ती पुन्हा चुकायची, आम्ही दोघी हसायचो. हे का सांगते? कारण ती रोज जात होती हे मला ऐकीव माहीत नव्हतं. मी पाहिलेलं होतं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत आली. उभीच राहिली. म्हणाली, "मॅडम, काटा फिरतुय. पेशंट न्हाय फिरत."

मला आधी कळेचना. मग तिने सांगितलं. एका आजोबांचा काटा डाव्या कुशीवर होता, पण त्यांच्या पाठीवर चादरीच्या वळ्या उमटलेल्या. म्हणजे आजोबा सकाळपासून पाठीवरच. दुसऱ्या कॉटला तेच, तिसऱ्या कॉटलाही. सिस्टर एक फेरी मारायच्या आणि ओळीने सगळे काटे सरकवायच्या, कारण राउंडला इन्चार्ज काटा बघतात. पाठ कोण बघतंय?

मी चिडले, सिस्टरांवर. तर ती म्हणाली, "त्यांचं न्हाय चुकत मॅडम. एकटीनं येवढा मोठा माणूस कसा वळवायचा? दोघी लागत्यात. दुसरी हाय कुटं?"

बघा, माझीच शिकवण होती ती! सिस्टरकडे बोट नाही, अंगण बघा. मी उठून तिला जवळ घ्यायला हवं होतं. शिक्षकाच्या आयुष्यात असं किती वेळा होतं, की शिकवलेलं कुणाच्या तरी हाडात उतरलेलं दिसतं? पण मला काय वाटलं सांगू? हेवा वाटला. मी एवढ्या चकरा मारल्या, काटे बघितले, आणि एकाही पेशंटचा सदरा वर करून पाठ बघितली नाही.

तिच्याकडे उपायही होता. पेशंटजवळ दिवसभर नातेवाईक बसलेलाच असतो — सून, भाऊ, बायको. त्यांना वळवायला शिकवायचं. सिस्टर आणि घरचं माणूस, दोघं मिळून. एका कानडी सुनेला तिने शिकवलंही होतं, माझ्याच कानडीत. त्या सुनेच्या सासूची पाठ कोरडी आणि साफ होती. मी स्वतः जाऊन बघितली.

मी म्हणाले, बघू.

तेव्हा प्राचार्यपदासाठी माझं नाव चाललेलं होतं. तपासणीला येणाऱ्या मंडळींना दाखवायच्या गोष्टींत घड्याळ पहिलं होतं. सबब म्हणून सांगत नाही. होतं ते सांगते. मी तिला सुचवलं, घड्याळ यशस्वी झालं असं लिही, नातेवाइकांचं शेवटी सूचना म्हणून टाक. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मला वाटलं, पटलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. इन्चार्ज सिस्टर बसल्या होत्या, बाकीच्या शिक्षिका होत्या. वैशाली उभी राहिली आणि तिने जसं होतं तसं सांगितलं. काटा फिरतो, पेशंट फिरत नाही. कुणाचं नाव घेतलं नाही, कुणावर आरोप केला नाही. घड्याळ कुणाचं, हेही बोलली नाही. परीक्षक माझ्याकडे वळले — खरं का हे, मॅडम?

आणि मी हसले. मी म्हणाले, "सर, ही वॉर्डात नियमित नव्हती. स्टाफला नीट समजावलं नाही हिने. नाचता येईना, अंगण वाकडं."

सगळे हसले. परीक्षकही हसले. तीच म्हण, सरळ वाचलेली. वैशाली हसली नाही, रडलीही नाही. माझ्याकडे बघत राहिली — मी आता बोलेन, आता सांगेन की गंमत केली, असं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला. इन्चार्ज सिस्टरांना सगळं ठाऊक होतं, पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना दोष देत नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत, मी बोलले.

तिला काम पुन्हा करायला लावलं. ती एका बॅचने मागे पडली. आमच्याकडे ट्यूटरची जागा तिला मिळणार होती, ती दुसरीला गेली. मग कळलं की ती चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत लागली. कापलेली बोटं, डोळ्यात गेलेली धूळ. एम.एस्सी. झालेली पोरगी!

एवढ्यावर थांबावंसं वाटतंय. तुम्हालाही वाटेल, झालं, हाच तो कबुलीजबाब. नाही हो. अजून आहे.

मी प्राचार्य झाले नाही, ते जाऊ दे. पण घड्याळं हळूहळू फाटली, आणि मी नातेवाइकांना शिकवायला सुरुवात केली. सुनांना, भावांना, बायकांना, मराठीत आणि कानडीत. जखमा खरंच कमी झाल्या. पेशंटचं भलं झालं, हे खोटं नाही. लोक मला बोलवायला लागले. मी ते तासाला शिकवते, व्यासपीठावर सांगते. हे कसं सुचलं, असं कुणी विचारलं की म्हणते, "वॉर्डात फिरता फिरता." कोण फिरत होतं, हे कुणी विचारत नाही. मीही सांगत नाही.

आता ते, ज्यासाठी एवढा वेळ लावला.

गेल्या महिन्यात एक फोन आला. शेजारच्या जिल्ह्यात नवीन नर्सिंग कॉलेज निघतंय, तिथल्या प्राचार्यांचा. माझा विषय शिकवायला माणूस हवाय. वैशालीने अर्ज केलाय. मुलाखत फार छान झाली म्हणाले. फक्त एक अडचण होती. ती म्हणते, नातेवाइकांना कूस बदलायला शिकवण्याचं काम तिने सुरू केलं. "पण मॅडम, ते तर तुमचं म्हणून आम्ही ऐकलंय. खरं काय? तुम्ही सांगाल ते धरू."

तुम्ही सांगाल ते धरू. बघा, किती सोपं होतं! ना परीक्षक समोर, ना कुणी हसायला. दार लावलेलं, खोलीत मी एकटी. नोकरीची आता थोडीच वर्षं राहिलीत. जाणार काय होतं माझं? एक वाक्य बोलायचं होतं. ती रोज येत होती, काम तिचं आहे. जिभेवर आलंही होतं, देवाशप्पथ आलं होतं. मग डोळ्यांपुढे ती सगळी व्यासपीठं आली. हे गृहस्थ उद्या चारचौघांत सांगतील, तेही दिसलं. आणि मी हसून म्हणाले, "अहो, त्या कामात बऱ्याच मुली होत्या. कोण काय करत होतं, आता नाही आठवत."

"म्हणजे सुरुवात तिची नव्हे?"

"तिचीच, असं कसं म्हणता येईल?" मी म्हणाले.

आठवत होतं. त्या सासूची साफ पाठसुद्धा आठवत होती.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. वैशालीला घेतलं नाही, मुलाखत चांगली झाली असली तरी दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून सांगणारी व्यक्ती शिक्षक म्हणून नको वाटली, म्हणाले. वेळीच सावध केलंत, फार आभारी आहे.

"त्यात काय एवढं," मी म्हणाले.