बाब्यासाठी रोज दोन परके

आमच्या बाब्याने उभ्या आयुष्यात एकाच माणसाला चावायचा प्रयत्न केला, आणि तो आमचा घरमालक होता.

चावला असंही म्हणता येणार नाही. तात्यांच्या धोतराचा सोगा त्याच्या दातांत अडकला, आणि मग तात्या एका दिशेला व बाब्या दुसऱ्या दिशेला निघाले. दोघेही घाबरून पळत होते, हे ओट्यावरून मला स्पष्ट दिसत होतं. पण धोतर एकाचंच फाटलं, त्यामुळे तक्रारीचा हक्कही एकालाच मिळाला.

तात्या चिंचवडातले जुने शेतकरी. शेताच्या कडेला त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांत आम्ही राहत होतो. सोग्याचा उरलेला भाग हातात धरून त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "दसऱ्यापत्तोर मुदत देतो. दसऱ्याला मी हितं सोनं द्यायला येनार, ओट्यावर बसून चा पिनार. कुत्रा मोकळा पायजे. त्यो भुकला तर एक तर त्यो जाईल, न्हाई तर तुमी."

ते गेल्यावर माझी बायको नलू आतून बाहेर आली. तिने बाब्याच्या दातांतला कापडाचा तुकडा काढला, नीट घडी केला आणि मला शांतपणे सांगितलं, "बाब्या गेला तर मी चिपळूणला जाणार. मग तुम्ही आहात आणि तुमच्या खोल्या आहेत."

तिचं काही चुकत नव्हतं. आम्ही कोकणातून आलो त्याला तीन वर्षं झाली होती. मी कारखान्यातली पाळी संपवून घरी येईपर्यंत त्या पोरीशी बोलायला एक बाब्याच होता. भोवती बाजरीचं शेत, पलीकडे कारखान्याची भिंत. येणार कोण? आदल्या दसऱ्याला आमच्याकडे चिटपाखरू फिरकलं नव्हतं. आम्हीच एकमेकांना आपट्याची पानं दिली आणि एक पान बाब्याला दिलं. (त्याने ते खाल्लं आणि ओकलं. आमच्याकडचा सण तेवढ्यावर आटोपला.)

माझं म्हणाल तर मी टूल-रूममध्ये होतो. मशिनला लागणारी हत्यारं तिथे बनतात. त्या खात्यात माणसांपेक्षा मायक्रोमीटरशी जास्त संबंध येतो, म्हणून मला ते खातं फार आवडायचं. तीन वर्षांत मी कंपनीत चार माणसांशी बोललो होतो, आणि त्यांतल्या दोघांशी चुकून. बाब्यासुद्धा कंपनीतलाच. भंगाराच्या यार्डात एका लाकडी खोक्यात सापडला आणि माझ्या डब्याच्या पिशवीतून घरी आला. पिल्लू असल्यापासून त्याने फक्त आम्हा दोघांनाच पाहिलं होतं. माणसाची जात दोघांवरच संपते, असा त्याचा प्रामाणिक समज होता. तिसरा कोणी दिसला की तो आधी खाटेखाली शिरायचा आणि मग तिथून जीव खाऊन भुंकायचा. पोस्टमन तर घरापर्यंत यायचाच बंद झाला. तो पत्रं रस्त्यावरूनच फेकायचा. नलूच्या भावाच्या लग्नाची पत्रिका अशीच एका शेळीने खाल्ली, आणि लग्न झाल्याचं आम्हाला नवरा-नवरीच्या फोटोवरून कळलं.

तेव्हा कुत्र्याला शिकवणारा माणूस शोधणं आलं.

पहिला माणूस कॅन्टीनवाल्याने सुचवला. दिघीला राहणारे एक सुभेदार, फौजेतून निवृत्त, तीस वर्षं जनावरं शिकवलेली. ते आले तेच 'सावधान' अवस्थेत. बाब्याला खाटेखालून ओढून काढायला मला अर्धा तास लागला. सुभेदारांनी त्याचा जबडा उघडून दात मोजले, पुढचा पाय उचलून तळव्यावर ठोकून पाहिलं, पाठीवर हात दाबला आणि हा चढावर किती वजन नेतो, असं मला विचारलं. तेव्हा कुठे उलगडा झाला. सुभेदारांनी तीस वर्षं खेचरं शिकवली होती! तरी आलेच आहेत म्हणून त्यांनी तासभर कवायत घेतली. बाब्या पुन्हा खाटेखाली गेला होता, त्यामुळे ती मी केली.

दुसऱ्याचा पत्ता वर्तमानपत्राच्या जाहिरातीत मिळाला. पुण्यात बंगल्यांतले कुत्रे शिकवणारा मोठा नावाजलेला गृहस्थ. हातमोजे, गॉगल, स्कूटर, खिशात शिट्टी. बाब्या त्याला पाहून असा काही भुंकला की गृहस्थ फाटकाबाहेरच थांबला. तिथूनच त्याने मला समजावलं, की कुत्रा परक्या माणसाजवळ येतच नसेल तर शिकवणीला सुरुवात करता येत नाही. आधी त्याला परक्या माणसांची सवय करा, मग मला बोलवा. मी म्हटलं, त्याला परक्या माणसांची सवय व्हावी म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय. यावर त्याने थोडा विचार केला, स्कूटरला किक मारली आणि तो गेला.

श्रावण संपत आला. नलू कपाटातली बॅग काढून तिला ऊन दाखवू लागली. नुसती पावसाने दमट झाली म्हणून, असं ती म्हणायची, पण घरी आलो की मी आधी ती रिकामी आहे ना ते बघायचो.

तिसरा माणूस नलूनेच शोधला. पिठाच्या गिरणीत दळण टाकताना तिने सहज विषय काढला, तर तिथल्या बाईंच्या माहितीत टाकळकर हवालदार निघाले. पोलिसांच्या श्वानपथकात आयुष्य गेलेलं, आता राजगुरुनगरला (तेव्हा सगळे खेडच म्हणायचे) घरी असतात. ते रविवारी सकाळच्या एस.टी.ने आले. त्यांनी बाब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्याकडे पाठ करून ते ओट्यावर बसले, पेपर उघडला, मधूनमधून खारीचा तुकडा मागे टाकला, पेपर मिटला आणि एस.टी.ने परत गेले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. फक्त पेपर नवा.

शेवटी मी धीर करून विचारलं, की शिकवायला कधी घेणार?

"शिकवतोय न्हवं," ते म्हणाले. "नोकरीत कुत्र्यांला संशय घ्यायला शिकवलं, आता पेन्शनीत संशय सोडायला शिकवतो. तुमच्या कुत्र्याला काय बी झालेलं न्हाई. त्यानं मानसंच पाह्यली न्हाईत. रोज दोन नवी मानसं आना. त्येंनी बसायचं, चा प्यायचा, तुकडा टाकायचा, जायचं. कुत्र्याकडं बघायचं न्हाई, आवाज चढवायचा न्हाई. परक्याच्या हातनं आपनहून खाल्लं, की समजायचं काम झालं."

"पण रोज दोन परके मी आणू कुठून?"

टाकळकरांनी बाब्याऐवजी माझ्याकडे निरखून पाहिलं. "दाराची कडी वाजली की तुमी त्याच्या आदी दचकता. कुत्रं हुईल तयार. तुमचं काय सांगता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या बसथांब्यावर उभा राहिलो. तीन बसगाड्या गेल्या तरी माझं तोंड उघडेना. चौथीतून एक तरुण टर्नर उतरला. नाव बिराजदार, लातूरकडचा. त्याला मी गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं, की माझ्या घरी चहाला चला, पण मोठ्याने बोलायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही, आणि मागे कोणी आल्यासारखं वाटलं तर वळायचं नाही.

तो दोन पावलं मागे सरकला. "कामून हो? काय भानगड हाय?"

कुत्र्याचं सांगितल्यावर तो हसला आणि आला. एवढंच नाही, दुसऱ्या दिवशी खोलीवरच्या दोघांना घेऊन आला. नलूचा चहा चांगला, खारी ताजी. बातमी पसरली. आठवडाभरात मला थांब्यावर जावंच लागेना. रोज दोनाच्या जागी पाच येऊ लागले.

आता जरा विचार करा. ज्या माणसाला कुत्र्याकडे बघायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही आणि आवाजही चढवायचा नाही, तो करणार काय? तो माझ्याकडे बघायचा आणि हळू आवाजात आपलं दुःख सांगायचा. कुणाला रजा मिळत नव्हती, कुणाला खोली मिळत नव्हती. आणि कंपनीचे सुरक्षेचे बूट तर सगळ्यांनाच मिळत नव्हते. लोखंडाचा कीस पायाला लागून प्रत्येकाचे पाय सोलवटलेले. मला काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून मी नुसतं "हूं" म्हणायचो. त्या एका 'हूं'च्या जोरावर कंपनीत माझी ख्याती झाली, की घाग सगळ्यांचं ऐकून घेतो.

आणि नेमकी तेव्हाच कामगार प्रतिनिधींची निवडणूक लागली होती!

मला याचा पत्ताच नव्हता. (टूल-रूममध्ये नोटीस बोर्ड होता, पण त्याच्यासमोर नेहमी माणसं उभी असायची, म्हणून मी तिकडे जात नसे.) पण एक माणूस रोज पाच-सहा कामगारांना घरी नेतो, चहा पाजतो आणि दबक्या आवाजात त्यांच्याशी बोलतो, याचा दुसरा अर्थ कोण काढणार? एका रविवारी आमच्या खात्याचे जुने प्रतिनिधी नेवाळे चार माणसं घेऊन आमच्या फाटकात उभे राहिले. नेवाळ्यांचा आवाज लाऊडस्पीकरशिवाय गेटपासून फाउंड्रीपर्यंत पोचायचा. मला दम भरायला आले होते.

"घाग!" त्यांनी तोंड उघडलं मात्र, कोपऱ्यातून टाकळकर पेपरमागून म्हणाले, "आवाज खाली. बसून घ्या. कुत्र्याकडं बघायचं न्हाई."

पोलिसी आवाज तो. नेवाळे बसले. त्यांच्या हातात खारी आली, कप आला. मग त्यांनी मला दम भरला, पण कुजबुजत.

"घाग, हे बरं नाही," ते पुटपुटले आणि त्यांनी तुकडा टाकला. "माझ्याविरुद्ध उभं राहणाऱ्याचं काय होतं, माहीत आहे ना?" आणखी एक तुकडा. मी "हूं" म्हटलं. तेवढ्यात बाब्या खाटेखालून सरपटत आला, तुकडे खाल्ले आणि नेवाळ्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून चक्क झोपला. नेवाळ्यांना उठता येईना. अर्धा तास बसावं लागलं. त्यात त्यांचा दमही संपला आणि ते आपल्या गुडघेदुखीचं सांगू लागले. मी तेही ऐकून घेतलं.

दसरा आला. बॅग भरून दाराआड ठेवलेली मला दिसली, आणि मला दिसली हे तिलाही दिसलं. बाब्या अजून कुणाच्याच हातून खात नव्हता. टाकलेलं खायचा, पण पुढे केलेला हात दिसला की मागे सरायचा. टाकळकर मुद्दाम सणाच्या दिवशी आले होते. सहावा रविवार होता तो.

तात्या नवं धोतर नेसून आले. ओट्यावर बसले आणि सांगितल्याप्रमाणे आभाळाकडे बघू लागले. बाब्या मोकळा होता. तो आला. त्याने सोगा हुंगला. जुनी ओळख पटली असावी, कारण तो थबकला. नलूने माझा दंड धरला. तशात तात्यांनी आभाळाकडे बघतच पेढा धरलेला हात खाली सोडला. बाब्याने मान लांब केली. अगदी ओठांच्या टोकाने पेढा उचलला, खाल्ला, दोन गिरक्या घेतल्या आणि तात्यांच्या नव्या धोतराच्या सोग्यावर अंग टाकलं.

टाकळकरांनी पेपर मिटला.

नलू आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावलो, तर ती बॅगेतली लुगडी पुन्हा कपाटात रचत रडत होती. तेवढ्यात बाहेर गलका झाला. बिराजदार, त्याच्या खोलीवरचे, फाउंड्रीवाले, खुद्द नेवाळे, झाडून सगळे आम्हाला सोनं द्यायला आले होते. तीस-पस्तीस माणसं तरी असतील. ओटा भरला, अंगण भरलं, बाजरीतही काही उभे राहिले. बाब्या सोग्यावर पडल्या पडल्याच शेपटी हलवत पुढे येणारा एकेक हात हुंगत होता, आणि सगळी माणसं सवयीने कुजबुजत होती.

सोगा अडकल्यामुळे तात्यांना उठता येत नव्हतं. त्यांनी बाजरीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात मला सांगितलं, "कुत्रा ऱ्हाऊ द्या. पर ही जत्रा घालवा."

इथेच ही गोष्ट संपली असती तर माझी अब्रू शाबूत राहिली असती. पण बिराजदारने माझ्या नावाचा अर्ज भरून टाकला होता. मतदानाच्या दिवशी लोक म्हणे "घाग कोण?" असं विचारायचे, आणि "तो कुत्रावाला" म्हटलं की शिक्का मारायचे. मी निवडून आलो.

पहिल्या मीटिंगला बुटांचा विषय होता. बिराजदारने आपले सोललेले पाय मला पुन्हा एकदा दाखवून ठेवले होते. लांब टेबल, पलीकडे पाच परके साहेब. मी कुणाकडेही पाहिलं नाही. मग त्यांतले एक साहेब, माझ्याकडे अजिबात न बघता, हळू आवाजात म्हणाले की बुटांचं पुढे बघू, आणि त्यांनी बिस्किटाची बशी माझ्यापुढे धरली.

मी "हूं" म्हटलं.

बूट मिळाले, पण पुढच्या वर्षी, आणि ते नेवाळ्यांनी मिळवून दिले. मीटिंगच्या संध्याकाळी मात्र घरी येऊन मी सगळं खरं खरं नलूला सांगितलं. ती बाब्याचं डोकं खाजवत राहिली. परक्याच्या हातचं खायला त्याला सहा रविवार लागले होते. मी पहिल्याच मीटिंगला खाल्लं. दोन खाल्ली.