जाळीची आक्काकडची बाजू

कागदाच्या गिरणीत पाण्यासारखा पातळ लगदा एका जाळीवर ओततात. पाणी खाली गळतं, वर कागद उरतो. ती जाळी आमच्या कारखान्यात तयार व्हायची आणि मी जोड खात्यात होते. जाळी मागावरून सरळ उतरते, पण गिरणीत तिला पट्ट्यासारखं गोल फिरावं लागतं. म्हणून तिची दोन टोकं हातानं एकमेकांत विणायची. केसाएवढा प्लॅस्टिकचा धागा, एक वर, एक खाली, मूळ विणीसारखा. जोड कुठं आहे ते बोटालाही कळता कामा नये. नीट बसला नाही, तर दर फेऱ्याला कागदावर आडवा डाग उमटतो.

एका जाळीला दोन बाया बसायच्या, एक डाव्या कडेला, एक उजव्या. विणत विणत मध्यावर भेटायच्या. माझ्या जोडीची बाई फुलंब्रीकडून काळीपिवळी जीपनं यायची. सगळे तिला आक्का म्हणत. हे काम मला तिनंच शिकवलं. सुरुवातीला मला कुणी गाव विचारलं तरी मी धागा धरायच्या चिमट्याकडं बघत बसायची. आक्का म्हणायची, "देवानं हिला तोंड दिलं, पन आतून कडी लावून घेतलीय हिनं." मग माझं बोलणंही तीच बोलायची. "साहेब, हिला भिंग कमी पडतंय, दुसरं द्या." मी तिच्या मागं उभी राहायची.

मग नवी जाळी आली. साहेबांनी आम्हाला गोळा करून सांगितलं की आता गिरण्यांची यंत्रं फार वेगवान झालीत, हायवेवर मोटरसायकल पळते तसा कागद पळतो, जुनी जाळी त्याला टिकत नाही. नवी दुपदरी होती. वरचा पदर बारीक, खालचा जाड, आणि झिजू नये म्हणून खालच्या पदरात एकाआड एक धागा नायलॉनचा. आक्का भिंगातून बघून म्हणाली, "हे इनायचं का मोजायचं?"

त्याच सुमारास पावसानं पाठ फिरवली ती दोन-तीन वर्षं. शहरात नळाला आठवड्यानं पाणी यायचं. आमच्या कारखान्यापलीकडं ज्वारीची रानं होती तिथं प्लॉट पडले, इमारती उठल्या, आणि प्रत्येकीपुढं टँकर. कारखान्याचंही पाणी कमी केलं. जोड खात्यात हवा ओलसर ठेवायला बारीक फवारे होते, ते बंद झाले. हवा इतकी कोरडी पडली की नायलॉनचा धागा ताठ उभा राहायचा, वळणाला बसायचाच नाही.

माझी आई शिंदीच्या पानांच्या चटया विणायची. पानं ओल्या गोणपाटात ठेवायची. कोरडं पान बसत नाही, म्हणायची. मला ते आठवलं. घरून आणलेल्या प्यायच्या पाण्यातलं थोडं मी एका फडक्यावर ओतलं, नायलॉनचे धागे त्यात गुंडाळून मांडीवर ठेवले, आणि एकेक काढून विणू लागले. धागा मऊ झाला, जागेवर बसला. पण जोडाच्या टेबलापाशी पाणी आणायला सक्त मनाई होती, दारावर तशी पाटीच होती. म्हणून फडकं पदराखाली.

आक्काला सांगायचं रोज मनात यायचं. पण तिला हळू बोलता यायचंच नाही. तिला सांगणं म्हणजे सगळ्या खात्याला सांगणं, असं म्हणून मी रोज गप्प बसले.

पहिली जाळी महिन्याच्या आत परत आली. सोबत गिरणीनं कागद पाठवला होता. साहेबांनी तो उजेडाच्या काचेवर पसरला. आडवा डाग होता, पण अर्ध्याच रुंदीत. पुढचा अर्धा कागद स्वच्छ.

"आक्का, ही तुमची बाजू."

"हात माझाच हाये साहेब. रोज चालतो तसाच चालला."

"मग हिच्या बाजूला का नाही डाग?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. साहेबांनी माझ्या बाजूवर भिंग ठेवलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "याला म्हणतात जोड." माझ्या कामाला चारचौघांत कुणी चांगलं म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. इथं खोटं लिहून काय उपयोग? मला बरं वाटलं. आक्का शेजारी उभी होती, आणि मला बरं वाटलं.

दुसरी जाळीही तशीच आली. अर्धी डागाची, अर्धी स्वच्छ.

"वय झालं तुमचं आक्का. नजर गेली," साहेब म्हणाले.

"नजर साबूत हाये. तुमच्या डोक्यावरचे केस मोजून दाखवू का? लई वेळ नाय लागायचा."

बाया हसल्या. साहेबही हसले. मग त्यांनी तिला सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

ओलं फडकं माझ्या मांडीवर होतं. त्याचा गारवा साडीतून लागत होता. मी म्हणाले, "साहेब."

मी आपणहून बोललेलं तिथं कुणी ऐकलंच नव्हतं.

"काय?"

"भिंग पुसायला कापड पाहिजे होतं."

त्यांनी कापड दिलं. मी भिंग पुसलं.

आक्कानं डबा पिशवीत टाकला, आपला चिमटा माझ्यापुढं ठेवला आणि खाली वाकली. जन्मात पहिल्यांदा ती हळू बोलली. "मांडीवरचं फडकं झाक. दिसायलंय. डोळे गार करतीस ते ठावं हाये मला. ह्यांला कळलं तर तुलाबी काढतील."

म्हणजे तिनं कधीच बघितलं होतं. नियम मी मोडत होते, हे तिला साहेबांना सांगता आलं असतं. तिनं मला झाकलं. आणि ते फडकं कशाला होतं हे तिला माहीतच नव्हतं.

पुढं डाग का पडतो ते बघायला बाहेरून एक माणूस आला. त्यानं सांगितलं की नायलॉन पाणी पितं. कोरडा धागा विणला तर गिरणीत भिजल्यावर तो लांबतो आणि जोड सैल पडतो. धागे ओलसर ठेवायला झाकणाच्या पेट्या आल्या. साहेबांनी ही मोठी सुधारणा झाली म्हणून आम्हाला पेढे वाटले. मला वाटलं, आता ते आक्काचं नाव काढतील. त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. पेढा हातात चिकट होईपर्यंत धरून ठेवला आणि घरी आणून तुळशीच्या कुंडीत पुरला.

परवा फुलंब्रीच्या रस्त्याला रिक्षा बघत उभी होते. पलीकडं नवी इमारत चाललीय. दुसऱ्या मजल्यावर एक बाई नळीनं स्लॅबवर पाणी मारत होती. तिनं तिथून मला हाक मारली. जिना उतरून, ओल्या पायांनी रस्ता ओलांडून आली. आक्का होती. म्हातारी झालीय.

"अजून जोडतीस का?"

"व्हय."

"जोड बाई. तुझा हात चांगला." मग माझ्या दंडाला धरून म्हणाली, "साहेब खरं बोलला व्हता बघ. माझी नजरच गेली व्हती, मलाच कळलं नाय. उगं तोंड चालवलं त्याच्याशी. आता घरात सुईत दोराबी दुसऱ्याला ओवायला लावते मी."

तेवढ्या गाड्यांपलीकडून, दुसऱ्या मजल्यावरून, माझं तोंड अर्धं पदरात असताना तिनं मला ओळखलं होतं. निदान तेवढं तरी मला तिला म्हणता आलं असतं.

मी म्हणाले, "उशीर व्हायलाय आक्का."

"जा, जा," ती म्हणाली, आणि परत पाणी मारायला वर गेली.