टोळीतले भाऊ

बुधवारपासून भाऊंची हजेरी लागली नव्हती, आणि चैतालीचं कशातच लक्ष नव्हतं.

चैताली कान्हे गावची. वय छत्तीस. तळेगावच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम. दिवसभर भाग तपासून तपासून डोळे शिणले, की ती मोबाइलवर एक खेळ खेळायची. त्यात आपापलं गाव वसवायचं आणि चाळीस जणांच्या टोळीनं मिळून दुसऱ्या टोळ्यांशी लढायचं. टोळीत कोणी साताऱ्याचं, कोणी नांदेडचं. खरी नावं थोड्यांचीच माहीत. ‘आमरी ६१’ या नावाने खेळणाऱ्या माणसाला सगळे भाऊ म्हणत. भाऊ रोज सकाळी सहाला ‘हजर’ असं लिहीत. ते खेळातल्या आवाजी गप्पांत कधी येत नसत, फक्त लिहीत. पण त्यांनी लिहिलं की वाद मिटे. चैताली पहिल्याच आठवड्यात त्या गप्पांत बोलली होती. तेव्हापासून तिच्या प्रत्येक म्हणण्यावर चर्चा होई. भाऊंच्या म्हणण्यावर कधीच होत नसे. ते वयाने मोठे, म्हणून असेल, असं तिला वाटायचं.

भाऊ गुरुवारी लढत नसत. मंगळवारी पुढच्या आठवड्यातल्या लढाईचा दिवस ठरवताना गुरुवारच सोयीचा निघाला आणि भाऊंनी नकार दिला. तेव्हा चैतालीने सगळ्यांसमोर लिहिलं, “वार पाळायचा तर घरी पाळा. देव-बिव खेळात आणू नका.” लहानपणापासून बुद्धविहारात वाढलेली ती. उपास-नवस तिला पटत नसत आणि ते सांगायला ती कचरत नसे. भाऊंनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गप्प.

रविवारी विहारात वंदनेला बसली, तरी हात सारखा मोबाइलकडे जात होता. मधेच उठली. बाहेर तिची आई सरूबाई चपला घालत असलेल्या लेकीला म्हणाली, “कुटं निगालीस?”

“लोणावळ्याला. एका माणसाला बघून येते.”

“कोन मानूस?”

“मलाच माहीत न्हाई.”

सरूबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. “मंग जपून जा,” एवढंच म्हणाली.

भाऊंबद्दल चैतालीला एकच धागा ठाऊक होता. त्यांना आमरीचा नाद होता. झाडांच्या फांद्यांवर वाढणारी ती फुलझाडं ते गॅलरीत लावत आणि जास्तीची रोपं लोणावळा स्टेशनजवळच्या एका रोपवाटिकेत देऊन टाकत. लोणावळ्यात तिसऱ्या रोपवाटिकेत विचारल्यावर तिथला माणूस म्हणाला, “आमरीवाले भाऊ? असं कोणी नाही. आमरी देतात त्या लीलाबाई. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, पहिला मजला.”

दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या बाईने. एका डोळ्यावर पट्टी. चैतालीने काय विचारावं हे ठरवलंच नव्हतं. “आमरी ६१?” तिच्या तोंडून निघालं.

“तू चैताली ना? आवाज ओळखीचा आहे. ये आत.”

बुधवारी पहाटे लीलाबाईंच्या डोळ्याचा पडदा सरकला होता. पुण्याला नेऊन ऑपरेशन झालं होतं आणि मोबाइलकडे बघायला बंदी होती. चैतालीचा जीव भांड्यात पडला. मग ती म्हणाली, “मला वाटलं, माझ्या बोलण्यावरून...”

“राग आला होता की,” लीलाबाई म्हणाल्या. “डोळा बरा असता तरी दोन दिवस बोलले नसते मी.”

“चुकलं माझं. पण मावशी, गुरुवारचं मला अजून पटत नाही.”

“नको पटू दे. माझा गुरुवार मी पाळते. तू लढ.”

“आणि भाऊ?”

लीलाबाईंनी पदराने दुसरा, पाणावलेला डोळा टिपला. “रेल्वेच्या तिकीट खिडकीत एकतीस वर्षं काढली मी. बरोबर सांगितलं तरी लोक आतल्या साहेबाला विचारायचे. इथं पहिल्याच दिवशी कोणीतरी भाऊ म्हणालं आणि सगळे ऐकायला लागले. मग मी कशाला सांगू? तूही सांगू नकोस.”

चैतालीने मान हलवली. तासभर ती त्यांचं खेळातलं गाव सांभाळत बसली. लीलाबाई डोळे मिटून सांगत होत्या, कोठार कुठं, तटबंदी कुठं. चहा झाला, आमरीचं एक रोप हातात आलं.

परतीच्या गाडीत टोळीच्या गप्पांत सत्यमचा निरोप आला. भाऊंना शोधायला निघाल्याचं तिने सकाळी तिथंच सांगितलं होतं. “भेटले का भाऊ?”

“भेटले,” तिने लिहिलं. “डोळ्याचं ऑपरेशन झालंय. महिनाभर येणार नाहीत. गुरुवारची लढाई शनिवारी घेऊ.” गुरुवार तिला अजूनही पटत नव्हता, पण लीलाबाईंचा वार राखावासा वाटत होता.

लगेच तिघांनी हरकत घेतली. शनिवार का, कोणी ठरवलं, आधी मत घ्यायला हवं होतं. चैताली वाचत राहिली. ‘भाऊंनीच सांगितलंय’ एवढं लिहिलं असतं तर सगळे गप्प झाले असते. तिने ते टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं. कामशेत गेलं, कान्हे जवळ आलं. शेवटी तिने सगळं पुसून लिहिलं, “मी ठरवलंय,” आणि पाठवून दिलं. उत्तरं येऊ लागली. रोप सांभाळत ती दाराशी जाऊन उभी राहिली.