छपराला भिणारे गच्चीकाका

गच्चीकाका कुणाच्याही घरी गेले की यजमानाआधी छताकडे बघायचे. इथं आखातात, मदिनत खलीफातल्या आमच्या घरी गणपतीला आले, तेव्हा आरती चालू असतानाही त्यांची नजर वर, एसीशेजारच्या पिवळट डागावर. माझी मुलगी खुदकन हसली, "काका इज इन्स्पेक्टिंग अस!" काका हसले नाहीत. प्रसाद घेताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या डागाखाली पोरीला झोपवू नकोस गं."

दुकानांची, गोदामांची सपाट छपरं तपासणं हे आमचं दोघांचं काम. काका मला बरेच सिनियर. उभी नोकरी छपरांवर काढलेला माणूस त्यांना एवढा भितो, याचं मला आधी नवल वाटे. मग एका उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर वर गेले. काळं डांबरी आवरण भाकरीसारखं फुगलं होतं आणि बुटांचे तळवे भाजत होते. काकांनी वाकून एक लांब चीर दाखवली. "दिवसा ताणायचं, रात्री आक्रसायचं. किती सोसेल? चिरेतून ओल जाते, खालचा पत्रा गंजतो. वाळूनं पाणी जायची भोकं बुजतात. इथं छप्पर पावसानं फुटत नाही. उन्हानं ते आधीच फोडलेलं असतं, पाऊस नुसता सांगायला येतो."

आभाळ भरून आलं की काकांना घास गिळवत नसे. चिपळूणचा माणूस पावसाला घाबरतो म्हणून ऑफिसात थट्टा चाले. "आमच्याकडे छपराला उतार असतो," काका म्हणत. "पाणी येतं नि जातं. इथं ते बसून राहतं."

उम्म सलाल मोहम्मदमधल्या एका सुपरमार्केटचं छप्पर त्यांच्या मनातून जाईना. सांगूनही दुरुस्ती पुढे ढकलली गेली होती. हिवाळ्यातल्या एका दुपारी पाऊस कोसळला आणि काका माझ्या टेबलापाशी आले. "यल्ला, चल, गाडी काढ."

आत शाळांच्या सुट्टीची गर्दी. पावासाठी लागलेल्या रांगेपाशी पाणी गळत होतं, खाली बादल्या ठेवल्या होत्या. काकांनी वर बघितलं. छताच्या पांढऱ्या फळ्या मध्यभागी पोट सुटल्यासारख्या खाली आल्या होत्या.

"सबको बाहर निकालो, अभी!" ते मॅनेजरवर ओरडले.

"सर, दस मिनट में बारिश खलास. ऊपर दो क्लीनर भेजा है, पानी निकालने."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी भिंतीवरची आगीची घंटा दाबली. माणसं पोरं उचलून बाहेर धावली, आणि काका मागच्या लोखंडी शिडीकडे. मी त्यांच्या पाठोपाठ चढले. त्यांचे पाय इतके कापत होते, की अख्खी शिडी वाजत होती.

वर तळं झालं होतं. एक क्लीनर कठड्याजवळ होता. दुसरा, मानबहादूर नावाचा नेपाळी, मधोमध एसीच्या मोठ्या यंत्रापाशी झाडू घेऊन उभा. पायाखाली काय चाललंय याची त्याला कल्पनाच नव्हती.

"हिलो मत!" काकांनी कठड्यालगत पडलेल्या पाण्याच्या रबरी पाइपचं एक टोक त्याच्याकडे फेकलं. "कमर में बाँधो! जल्दी!"

त्यानं गाठ मारली न मारली तोच पायाखालून करकर आवाज आला. यंत्र कललं आणि पाण्यासकट खाली गेलं. मानबहादूर घसरत त्या भगदाडाकडे ओढला गेला. काकांनी कठड्याशी पालथं पडून पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी आणि कठड्याजवळच्या क्लीनरनं मागून पाइप धरला. किती वेळ ओढत होतो, देव जाणे. अखेर त्याचा हात माझ्या हातात आला, थंडगार.

खाली उतरून काचेतून आत पाहिलं. ते यंत्र पावाच्या रांगेच्या जागी पडलं होतं.

काका पुन्हा छपरावर चढले नाहीत. एकदा शिडीला हात लावून तसेच परत फिरले. "जमत नाही गं आता," म्हणाले, आणि त्यांनी राजीनामा दिला.

ते चिपळूणला निघायच्या आधीच्या शुक्रवारी मी काकूंना सामान बांधायला मदत करत होते. तेवढ्यात बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीतून दोन बस बदलून मानबहादूर आला. हातात खजुराचा डबा. सोफ्याच्या अगदी कडेला टेकला.

"अब भी डर लगता है?" काकांनी विचारलं.

"सोते टाइम, साहब." तो खाली बघत म्हणाला. "लगता है, नीचे जा रहा हूँ."

"मेरे को भी," काका म्हणाले, आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. काकू चहा घेऊन आल्या, तरी दोघांपैकी कुणी हात सोडला नाही.